संत आंतोनीशी अरेतुरे

मला वेड लागलंय असं आमच्या ज्येष्ठ मंडळाने एकमताने ठरवलं, तो मे महिन्यातला दुसरा मंगळवार होता. आमच्या मंडळात एकमत होणं ही साधी गोष्ट नाही हं! सहलीच्या बसमधल्या खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद, यावर अकरा वर्षं वाद चाललाय. मला माहीत आहे, कारण अकरा वर्षं मीच सेक्रेटरी आहे आणि सगळी भांडणं वहीत मीच लिहिते.

माझं नाव सोलांज. अडतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसले. माणूस समोर आला की पार्सल द्यायला आलाय की डोकं खायला, हे मला तो तोंड उघडायच्या आत कळायचं. तर असली मी, आणि वेडी! पण त्यात चूक माझीच होती. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे दोन वर्षं चाललं होतं माझं.

भांडं म्हणजे नॉर्बेर. आमच्या कालव्यावर जहाजांसाठी पाण्याचे दरवाजे उघडायचे-मिटायचे, ही त्याची जन्मभराची नोकरी. वय सत्त्याहत्तर, डाव्या कानाने कमी ऐकतो, बायको मोनिक जाऊन सहा वर्षं झाली. मी पण विधवाच. दर गुरुवारी संध्याकाळी तो मागच्या बागेच्या फाटकातून माझ्याकडे येतो आणि शुक्रवारी सकाळी ब्रेडवाल्याची गाडी यायच्या आत जातो. इतकंच. कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं.

पण मोनिकची थोरली बहीण आर्लेत ही आमच्या मंडळाची अध्यक्ष, आणि माझी शेजारीण. दर शनिवारी ती बहिणीच्या थडग्यावर ताजी फुलं ठेवते आणि परत येताना गावातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे अशी बघते, की मोनिकला कोण विसरलंय याची हजेरीच घेतेय. तिच्यासमोर उभं राहून ‘तुमच्या मेव्हण्याच्या सपाता माझ्या पलंगाखाली आहेत’ असं सांगायचं? त्यापेक्षा मी कालव्यात उडी मारली असती.

म्हणून मी नॉर्बेरला शपथ घातली होती. घरात ‘तू’, दाराबाहेर ‘अहो मस्यू नॉर्बेर’ आणि ‘अहो मादाम सोलांज’. आमच्या गावात माझ्या वयाची बाई ‘तू’ म्हणते ते तिघांनाच: देवाला, कुत्र्याला आणि नातवंडांना. आर्लेत आणि मी चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतो, एकमेकींच्या घराच्या चाव्या एकमेकींकडे असतात, तरी ‘अहो आर्लेत’च. तेव्हा एक ‘तू’ तोंडातून निसटला तरी सगळा बोभाटा! नॉर्बेरने शपथ घेतली आणि अशी पाळली की विचारू नका. हिरवा दिवा लागल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही, हे ज्याच्या हाडात मुरलंय तो माणूस.

सहलीच्या आदल्या दिवशी त्याने मला गाठलं. मुलगा त्याला तुलूझला घेऊन जायला बघत होता. तुलूझ म्हणजे देशाचं दुसरं टोक. खोली तयार होती, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मुलाचा फोन येणार होता.

“सोलांज, फाटकातून चोरासारखं यायचं माझं वय राहिलं नाही,” तो म्हणाला. “एकतर सगळ्यांसमोर, नाहीतर तुलूझ. उद्या सातच्या आत सांग.”

मी म्हटलं, बघू. उद्या अख्खा दिवस सहल आहे, बोलू कधीतरी. आता सांगा, एका बसमध्ये चाळीस म्हातारे असताना दोन म्हाताऱ्यांना बोलायला जागा मिळते होय?

बसमध्ये आर्लेत त्याच्याशेजारी बसली. शहरात उतरलो तर गाईड आमची वाट बघत उभी. मायलिस नावाची पंचविशीतली पोर, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला गुलाबी पिसांचा झाडू, म्हणजे आम्ही हरवू नये. कॅथेड्रलमध्ये शिरलो. मान मोडेपर्यंत वर बघायचं, मग त्या कमानी, मग त्या रंगीत काचा. मायलिस जीव तोडून सांगत होती.

“हे सगळं बांधायला फक्त अडुसष्ट वर्षं लागली!”

“फक्त?” आमचे देल्वाल म्हणाले. हे निवृत्त औषधविक्रेते, आणि गावात डॉक्टर नाही म्हणून स्वतःच डॉक्टर. “आमच्या गल्लीतलं गटार अजून चालूच आहे. आणि त्याला कमान पण नाही.”

तेवढ्यात नॉर्बेरने मला डोळ्यानेच खुणावलं आणि बाजूच्या एका जाड खांबामागे गेला. तिथले खांब असे, की तिघांनी हात धरले तरी कवेत मावायचे नाहीत. मी खांबाच्या अलीकडे उभी राहिले, तो पलीकडे. एकमेकांकडे बघायचं नाही, नुसतं बोलायचं. माझ्यासमोर खांबाला टेकून संत आंतोनींचा पुतळा होता. हरवलेल्या वस्तू शोधून देणारे ते. पुढे मेणबत्त्या लावलेल्या. म्हटलं झकास, कुणी पाहिलंच तर प्रार्थना करतेय असं दिसेल.

पण नॉर्बेरचा डावा कान! कुजबुजले तर त्याला ऐकू जाईना. मग जरा आवाज चढवला. आणि एकदा आवाज चढला की माझी जीभ माझं ऐकत नाही.

“हे बघ, तू कुठेही जायचं नाहीस!” मी म्हटलं. “मागच्या गुरुवारी तू आला नाहीस, आठ वाजेपर्यंत मी जेवणाची थांबले. तुझ्या सपाता अजून माझ्या पलंगाखाली आहेत, त्यांचं काय करू? डोक्यावरचे केस गेले तरी हट्ट जात नाही तुझा! आणि त्या पोराचं काय घेऊन बसलास? जन्मभर कडेवर घेऊन मिरवलंस त्याला, आता तेच तुला हुकूम सोडतंय! तू गेलास तर मी काय करू रे? सांग ना. दगडासारखा गप्प काय उभा आहेस?”

पलीकडून नुसतं “हं” आलं. आणि मागून एक हुंदका.

वळून बघते तर आर्लेत! एक हात छातीवर, दुसऱ्या हाताने क्रूस काढत होती. तिची नजर माझ्यावरून पुतळ्यावर गेली, तशी माझीपण गेली. संत आंतोनी. डोक्याचा मधला भाग सफाचट. कडेवर बाळ येशू. आणि दगडासारखे गप्प.

“अहो सोलांज,” आर्लेत इतक्या गोड आवाजात बोलली की माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांत ती माझ्याशी गोड बोललेली नाही. “चला हं. दमलात तुम्ही.”

मनात म्हटलं, हिला वाटलं मी प्रार्थना करतेय. सुटले!

कसली सुटतेय. जेवायला बसलो तेव्हा कळलं. सगळ्यांसमोर ग्लासभर वाइन, माझ्यासमोर पाणी. क्रीममध्ये न्हालेली हॅमची गुंडाळी आली, आमच्याकडची खास, मी वर्षभर जिची वाट बघते ती. बाजूच्या बाईने माझी ताटली ओढली आणि तिचे बारीक बारीक तुकडे केले. वर म्हणते, “चावून खा हं.” समोर देल्वाल खुर्ची सरकवून बसले.

“मादाम सोलांज, आज वार कोणता?”

“मंगळवार. का?”

“शाब्बास! आणि आपले राष्ट्राध्यक्ष कोण?”

“कोण का असेनात, मी त्यांना मत दिलेलं नाही.”

देल्वालांनी आर्लेतकडे बघून हलकेच मान हलवली. “नाव आठवत नाही,” ते तिला म्हणाले. मी समोर बसलेली असताना! “आता शंभरातून सात सात वजा करत या बरं.”

“मस्यू देल्वाल,” मी म्हटलं, “तुम्ही माझ्या नवऱ्याला कानाचं औषध डोळ्यात घालायला दिलं होतं. तुमच्यातूनच किती वजा करायचं ते आधी ठरवू.”

“चिडचिड,” ते आर्लेतला म्हणाले. “हेही लक्षणच.”

मग आर्लेतने मला बाजूला घेतलं, माझे हात हातात घेतले आणि सांगितलं की घाबरायचं काही कारण नाही, तिच्या मावशीचंही असंच सुरू झालं होतं, ती रेडिओशी बोलायची. “पण निदान रेडिओ उत्तर तरी देतो हो! तुम्ही संतांना सपाता देताय. आणि देवबाप्पाच्या लेकराला...” पुढे तिला बोलवेना. “उद्या सांद्रीनला बोलावून घेऊ. मंडळाची वही माझ्याकडे द्या, मी बघते.”

सांद्रीन म्हणजे माझी मुलगी. आणि वही म्हणजे माझी अकरा वर्षं!

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगावं तर आर्लेतला सांगावं लागतं. नाही सांगावं तर मी वेडी. पलीकडच्या टेबलावरून नॉर्बेर माझ्याकडेच बघत होता. त्याला सगळं ऐकू गेलं नव्हतं, पण माझी वही आर्लेतच्या काखेत गेलेली त्याने बघितली. त्याने भुवया उंचावल्या. सांगू का? मी जोरजोरात मान हलवली, नको नको नको. घाबरले हो. सरळ सांगते, मी भित्री आहे. पोस्टात पिस्तूलवाला आला होता तेव्हा मी त्याला रांगेत उभं राहायला लावलं, पण आर्लेतसमोर मीच रांगेत उभी राहते.

नॉर्बेरचा चेहरा पडला. तो माझं ‘नको’ आदल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर समजला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. बाजूची बाई म्हणाली, “बघा, आता मान पण आपोआप हलते.”

दुपारी किल्ला. तिथल्या खंदकातली बदकं बघायची सोडून चाळीस माणसं मला बघत होती. कोट ठेवायच्या खोलीतून आर्लेतने एक पुठ्ठ्याची चिठ्ठी आणली, त्यावर माझं नाव आणि तिचा फोन नंबर लिहिला आणि पिनेने माझ्या छातीवर लावली. मी! जिने अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवल्या! पुलावरून जाताना तिने माझा हात धरला, जिना चढताना कमरेला धरलं. उमरावाच्या शयनगृहात मायलिस सांगत होती की त्या काळी लोक बसून झोपायचे, म्हणून पलंग आखूड. कुणीतरी हळूच म्हणालं, “मादाम सोलांजना पलंगाखाली बघू देऊ नका.” सगळे फिसकन हसले आणि लगेच गंभीर झाले, आजाऱ्याला हसू नये म्हणून.

शेवटी मोठ्या दरबारात आलो. मायलिसने तिथल्या चुलीचं कौतुक सांगून संपवलं. अख्खा बैल भाजता येईल एवढी चूल. तेवढ्यात नॉर्बेर घसा खाकरून पुढे आला. त्याच्या मागे भिंतीशी एक लोखंडी चिलखत उभं होतं, हातात भाला घेतलेलं.

“मंडळी, सगळे एकत्र आहात म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “ही माझी शेवटची सहल. रविवारी मी तुलूझला जातोय, मुलाकडे. कायमचा. आज संध्याकाळी त्याला तसं कळवणार आहे.”

आर्लेत एका कोपऱ्यात फोन कानाला लावून उभी होती, सांद्रीनशी बोलत. तीसुद्धा बोलायची थांबली.

नॉर्बेर माझ्याकडे बघत नव्हता. टोपी हातात गोल गोल फिरवत होता. आणि मला एकदम दिसलं, हा खरंच जाणार. गुरुवार येणार, फाटक वाजणार नाही, आणि मी छातीवर चिठ्ठी लावून बसणार, शहाण्यासारखी.

“तू कुठेही जाणार नाहीस!” मी ओरडले.

दरबार केवढा उंच! माझा आवाज वर जाऊन खाली आला. चाळीस डोकी माझ्याकडे वळली, मग मी जिकडे बघत होते तिकडे.

“अरे देवा,” देल्वाल म्हणाले. “आता चिलखताशी.”

“चिलखताशी नाही, मूर्ख माणसा! नॉर्बेरशी बोलतेय मी!” मी गर्दीतून वाट काढत गेले आणि त्याचा मफलर धरला. “सकाळी पण याच्याशीच बोलत होते. खांबाच्या मागे हा होता! सपाता याच्या आहेत, टक्कल याचं आहे, पोरगं याचं आहे! दोन वर्षं दर गुरुवारी हा माझ्याकडे येतो. सांग ना रे यांना!”

सगळे नॉर्बेरकडे बघायला लागले. आणि या प्रामाणिक गाढवाने काय करावं? लाल झाला, टोपी छातीशी धरली आणि म्हणाला, “मादाम सोलांज, तुम्ही जरा बसा ना. दमलात तुम्ही.”

शपथ! मेली माझी शपथ!

“बिचारी,” एक बाई म्हणाली. “आता मस्यू नॉर्बेरलाच संत समजतेय.”

“पाणी आणा,” देल्वाल म्हणाले. मायलिस गुलाबी झाडू टाकून पाणी आणायला धावली. दोघा जणांनी माझ्या काखेत हात घातले. आणि नॉर्बेर माझ्याकडे असा बघत होता, की आता रडेल. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा दिव्याची वाट बघतोय!

“सुटली!” मी किंचाळले. “नॉर्बेर, शपथ सुटली! सुटली, सुटली, सुटली!”

नॉर्बेरने खोल श्वास घेतला. मग त्या दोघांचे हात माझ्या काखेतून काढले, छातीवरची चिठ्ठी पिनेसकट उपटून खिशात टाकली आणि म्हणाला, “मग आधीच सांगायचंस ना! दुपारभर माझा जीव टांगणीला लावलास. रक्तदाबाची गोळी घेतलीस का जेवल्यावर? नाही घेतलीस. मला माहीत होतं, यांनी तुला गडबडवलं की तू विसरणार. बस इथे. पर्स कुठाय तुझी?”

आणि त्याने माझी पर्स उघडली, आतला बरोब्बर तिसरा कप्पा, आणि गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

देल्वालांनी पर्सकडे बघितलं, मग नॉर्बेरकडे. सरळ होतं. गोळी कुठल्या कप्प्यात असते ते माझ्या मुलीलाही माहीत नाही. मायलिसने पाणी आणलं, मी गोळी घेतली. आर्लेतच्या फोनमधून सांद्रीनचा आवाज येत होता, “हॅलो? हॅलो? कोण तू? आई कुणाला तू म्हणतेय?”

आर्लेतने फोन बंद केला. माझी वही तिने चुलीच्या कट्ट्यावर ठेवली आणि एकटीच बाहेर निघून गेली.

परतीच्या बसमध्ये नॉर्बेर माझ्याशेजारी बसला. सव्वासहा वाजले होते. त्याने मुलाच्या फोनची वाटसुद्धा बघितली नाही, स्वतःच लावला. “नाही येत,” म्हणाला, “मी इथे सोलांजकडे आहे,” आणि उजव्या कानाने बराच वेळ ऐकत राहिला. मागच्या सीटवरून देल्वाल मला सांगत होते की त्यांना सुरुवातीपासूनच शंका होती, एवढी तल्लख बाई! मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी पुढच्या सीटकडे बघत होते. तिथे आर्लेत बसली होती, शेजारची जागा रिकामी.

गाव तीन किलोमीटरवर आलं तशी मी उठले आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

“मोनिक माझी मैत्रीण होती,” मी म्हटलं. “मला तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. “मला त्या पुतळ्यासमोर रडू आलं होतं,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी. तुम्ही पण चाललात असं वाटलं.”

मी माझा रुमाल तिच्या मांडीवर ठेवला.

“सहा वर्षं दर रविवारी नॉर्बेर माझ्याकडे जेवतो,” आर्लेत म्हणाली. “कोंबडी करते मी. महिनाभर मला माहीत होतं तो तुलूझला जायचं म्हणतोय. मी रोज मनात म्हणायची, जाऊ नका. पण तोंडाने कशी म्हणणार? मी त्याची कोण? बहिणीचा नवरा, बहीणच नाही. एकटीसाठी कुणी अख्खी कोंबडी भाजत नाही हो.”

अकरा वर्षांत मी तिच्याबद्दल वहीत काय काय लिहिलंय, ते मला एकदम आठवलं आणि लाज वाटली.

बस चौकात थांबली. आर्लेतने नाक पुसलं, पर्स मिटली, आणि पुन्हा अध्यक्ष झाली.

“रविवारी दोघं या. साडेबाराला. बारा पस्तीस नाही, साडेबारा. आणि गोड काहीतरी आणा, हात हलवत येऊ नका.” ती उठली. दांडा धरून क्षणभर उभी राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “हात हलवत येऊ नकोस.”

मी बसमध्येच रडले, सगळ्यांसमोर. नॉर्बेरला कळेना काय झालं. त्याच्या डाव्या कानाला ते ‘नकोस’ ऐकू गेलंच नव्हतं.